मशीन रिकामी ठेवायची नाही

आमच्या आत्याच्या शिलाई मशीनमध्ये सुईखाली कायम कुणाचं तरी कापड अडकलेलं असायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? शिवणाऱ्या बाईच्या मशीनवर कापड नाही तर काय बांगडे असणार? पण तसं नाही. दिवसाचं काम आटपलं, मशीनवर लाकडी झाकण बसलं, आत्या अंथरुणाला टेकली, तरी आत सुई कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीत नाहीतर परकराच्या नेफ्यात रुतलेली. झाकणाच्या फटीतून कापडाचं टोक बाहेर यायचं, दारात चिमटलेल्या पदरासारखं. दुसरं काम हातात आल्याशिवाय पहिल्या कामाची शेवटची टीप ती मारायचीच नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून हातापाया पडलं तरी नाही.

"का गं आत्या?"

"मशीन रिकामी ठेवायची न्हाय."

"पण का?"

"रिकामी मशीन रुसते. जा, सुपाऱ्या वेच."

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. आई म्हणायची, या पोरीला मेलेल्या माणसालाही विचारावंसं वाटेल, कसा मेलास म्हणून. आत्या म्हणजे तर माझ्यासाठी न उघडणारी पेटीच होती.

आमचं घर नागावात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे लांबरुंद पडवी. पडवीला भिंत एकाच बाजूला, बाकी तिन्हीकडून मोकळी. त्या पडवीच्या डाव्या कोपऱ्यात आत्या राहायची. एक खाट, एक पत्र्याची ट्रंक आणि हाताने फिरवायची ती काळी मशीन. मशीनच्या अंगावर कधीकाळी सोनेरी वेलबुट्टी होती, आता नुसती पिवळट रेघ उरलेली. आत्या बाबांची थोरली बहीण. आम्ही जन्मायच्या आधीच सासर सोडून आलेली, एवढंच आम्हाला ठाऊक. जेवायला-खायला, न्हायला-धुवायला, आजारपणात आईच्या उशाशी बसायला ती घरात यायची. पण झोपायला म्हणून कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. पावसाळ्यात झड यायची तेव्हा बाबा पडवीला झावळ्यांचे पडदे बांधून द्यायचे. घर एवढं मोठं, माजघरात खाटा रिकाम्या, आणि ही झावळ्यांच्या आड.

कुणी नवखं माणूस सहज विचारायचं, "भावाकडे असता का?"

आत्या चाक फिरवायचं थांबवून म्हणायची, "मी भावाकडं राहात न्हाय. मशीन राहाते तिथं मी राहाते."

माणूस हसायचा. आम्हीही हसायचो. घरात या वाक्याची चेष्टाच होऊन बसली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अभ्यास टाळायचा असला की म्हणायचा, मी घरात राहत नाही, माझी सायकल राहते तिथे राहतो.

आत्या दिसायला उंच, काटक, आणि कानाला बारा महिने रुमाल बांधलेला. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ. थंडीत ठीक आहे, पण भर वैशाखात, आमच्या अंगाच्या धारा लागलेल्या असताना हिच्या कानाला रुमाल! विचारलं तर म्हणायची, शिवताना कानात धागे जातात. मी बरेच दिवस ते खरं मानलं होतं. एकदा माझ्या मैत्रिणीच्या आईला शिवताना पाहिलं आणि तिच्या कानात डोकावूनही आले. ती बिचारी दचकली.

मशीन कुठून आली, हा माझा आवडता प्रश्न. मी तो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अंगाने विचारायची, म्हणजे बेसावध असताना खरं निघेल. आत्या काही बेसावध व्हायची नाही. एकदा म्हणाली, उधाणाच्या भरतीला वाहून आली, मी वाळूतनं उचलली. एकदा म्हणाली, माडावरनं पडली, नारळ उतरवणारा पाडेली खाली उभा होता, थोडक्यात वाचला. दादाची बायको, माझी वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा तिनेही हौसेने विचारलं. तिला सांगितलं, तुझ्या सासूच्या रुखवतात आली, तिला विचार. वहिनी भोळेपणाने आईला विचारायला गेली. आई हसली नाही. म्हणाली, "तिला नको विचारत जाऊ गं ते." मी तिथेच होते. म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला कळलं, आणि त्या दिवसापासून तर मला चैनच पडेना.

मशीनला तेल घालायची आत्याची तऱ्हा ऐका. घरच्या वाडीतल्या नारळाचं घाण्यावरचं तेल ती मशीनला घालायची. बाजारातल्या मशीनच्या तेलाला रॉकेलचा वास येतो, तो लोकांच्या कपड्यांना लागतो, असं तिचं म्हणणं. बरं, आमच्याकडे नारळाचं तेल डोक्याला, कुलपाला, बैलाच्या शिंगांना, पाळण्याच्या कडीला, सगळ्यालाच. मग मशीनने काय पाप केलं? पण थंडीत व्हायचं काय, की पौषात सकाळी मशीन फिरायचीच नाही. चाक जागचं हलायचं नाही. आत्या म्हणायची, "थंडी वाजते तिला." मग ती मशीन उचलून अंगणात न्यायची, पाटावर ठेवायची आणि तासभर ऊन दाखवायची. बाळंतिणीच्या पोराला दाखवतात तसं. आम्ही पोरं भोवती बसून बघायचो. ऊन चढलं की चाक हळूच फिरायला लागायचं. "उठली बघा," म्हणून आत्या तिला परत कोपऱ्यात न्यायची. आळीतल्या बायकाही म्हणायच्या, पौषात मशीन उशिरा उठते, कपडे जरा आधीच टाका.

पुढे एकदा अलिबागहून मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने खालचा पत्रा उघडला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, खोबरेल घालता? अहो, ते थंडीत थिजतं! ही मशीन आहे की केसांची वेणी?" आम्ही सगळे लोटपोट हसलो. बाबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. आत्याने त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याने दिलेली तेलाची बाटली ट्रंकेत ठेवली आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर पुन्हा खोबरेल घातलं. म्हणाली, "तिला सवय हाय ऊन खायाची. आता कुठं मोडू?"

पण आत्याचा खरा हट्ट म्हणजे ती शेवटची टीप. त्यापायी आळीतल्या एका मुलीच्या लग्नाचा मुहूर्त जवळजवळ टळला होता. मुलीचा ब्लाउज आत्याकडे. लग्नाची घटिका भरत आलेली, मुलगी तिकडे अंगावर साडी गुंडाळून बसलेली, तिची आई इकडे पडवीत. ब्लाउज तयार, फक्त एका बाहीची शेवटची टीप बाकी. आणि आत्या हातावर हात ठेवून बसलेली.

"अहो, मारा ना टीप!"

"दुसरं काम आना."

"आत्ता कुठलं काम आणू? लग्न आहे घरात!"

"मग थांबा."

बाई रडकुंडीला आली. आई मध्ये पडली, आत्या ढिम्म. तेवढ्यात बाबा आतून आले. हातात उशीचा अभ्रा होता, चांगला धड. तो त्यांनी सगळ्यांसमोर उभा टर्रकन फाडला आणि आत्यापुढे टाकला. "ताई, एवढा शिवून दे." आत्याने अभ्रा उजवीकडे घेतला, ब्लाउजची टीप मारली, दोरा दातांनी तोडला आणि लगेच अभ्रा सुईखाली सरकवला. मुलीची आई ब्लाउज घेऊन पळाली ती वळूनही न पाहता.

आई मात्र बाबांवर उखडली. "तुम्हाला वेड लागलंय का? चांगले धड अभ्रे फाडता?" बाबा म्हणाले, "विरला होता." कुठला विरला होता! आमच्या घरात उशांपेक्षा अभ्रे जास्त होते, आणि एकही असा नव्हता की ज्याच्या मधोमध शिवण नाही. आम्हाला वाटायचं, बहिणीचं वेड भावातही उतरलंय थोडं.

दादाने एकदा लहानपणी गंमत केली होती. आत्या विहिरीवर गेलेली पाहून त्याने झाकण काढलं, सुई वर केली, खालचं कापड ओढून काढलं आणि लपवलं. आत्या आली. झाकण उघडं, मशीन मोकळी. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. ओरडली नाही, कुणाला शोधलं नाही. धावत येऊन खाली बसली, स्वतःच्या पदराचं टोक सुईखाली सारलं आणि चाक फिरवून त्यावर टीप मारली. मग तशीच बसून राहिली, मशीनला बांधल्यासारखी. आजोबा समोरच आरामखुर्चीत होते. ते तिच्याकडे बघत होते आणि ती मशीनकडे. दादा घाबरून कापड घेऊन आला. बाबांनी त्याला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. एवढ्याशा खोडीला एवढा मार का, ते ना त्याला कळलं ना मला.

आजोबा गेले, मग आई, आणि अलीकडे बाबाही. आम्ही बहिणी लग्न होऊन गेलो, मी पनवेलला. घरात दादा, वहिनी आणि पडवीत आत्या. नागाव बघता बघता बदललं. शनिवार-रविवार फाटकाबाहेर गाड्यांची रांग, किनाऱ्यावर ती पाण्यावरची सायकल का काय, आणि घरोघरी पाट्या, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. दादानेही वाडीत खोल्या काढल्या. वहिनीच्या हाताला चव, त्यामुळे बरं चाललं. शिवायला मात्र आता कोण देणार? सगळ्यांचे कपडे तयार. तरी मी जाईन तेव्हा आत्याच्या मशीनखाली कापडाचं टोक असायचंच. कुणाचं ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला दादाचा फोन. "तू ये जरा. तुझं ऐकते ती."

प्रकरण असं होतं. दादाला पडवी मोकळी हवी होती. तिथे पाहुण्यांची जेवायची टेबलं, झोपाळा, दिवे. दसरा झाला की गवंडी येणार होते. आत्यासाठी त्याने आत माजघरालगतची खोली तयार केली होती, नवा पलंग, पंखा, लागूनच संडास-बाथरूम. खोटं कशाला बोलू, चांगली खोली होती, मला माझ्या घरी एवढी नाही. आणि आत्या म्हणत होती, मी न्हाय जायची.

"ऐंशी ओलांडली तिने," दादा म्हणाला, "रात्री-बेरात्री पडली तर? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, आत्याला बाहेर ठेवली म्हणून. आणि पाहुणे येतात, ते फोटो काढतात तिचे. मला लाज वाटते गं."

वहिनी वैतागलेली. "मी काय कमी करते त्यांचं? पण आत या म्हटलं, की म्हणे मला कुठं जायचं न्हाय."

"तू म्हटलंस, आत या?" मी विचारलं.

वहिनी जरा थबकली. "म्हणजे... खोली तयार आहे, सामान हलवू का, असं विचारलं."

मी आत्याशी बोलायला बसले. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. ती कानाचा रुमाल घट्ट करत म्हणाली, "माझं काय, मी पडेन कुठंबी. मशीन कुठं ठेवनार?" मी म्हटलं, "मशीन इथेच राहील की, पडवीत. दादा तिच्यासाठी स्टँड करणार आहे, पाहुण्यांना बघायला." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हंजे ती भायेर आनि मी आत? मग मी कुनाकडं राहीन गो?"

त्या वाक्याला मी पहिल्यांदाच हसले नाही. पण कळलंही नाही काही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. कोयता, पहार, पाडेल्याची दोरी, दादाचा पाण्याचा पंप आणि आत्याची मशीन. झेंडूची माळ घातलेली, पुढे नारळ. कापड तेव्हाही सुईखाली होतंच. पूजा झाली आणि दादा आतून एक पाटी घेऊन आला, लाकडी, रंगवलेली, छान अक्षरं. "पाहुण्यांना जुन्या वस्तूंची माहिती लागते," म्हणत त्याने ती मशीनला टेकवून ठेवली. आत्या खाटेवर बसली होती.

"काय लिवलंय? चष्मा न्हाय माझा."

मी वाचलं. "आमच्या आजोबांनी हौसेने आणलेली जुनी शिलाई मशीन."

आत्या खाटेवरून पुढे वाकली. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"आबानं आनली? हौसेनं?" तिचा आवाज असा चिरकला, की स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आली. "मेल्यांनो, आबानं आनली व्हय? आबानं तर हिला उंबऱ्याच्या आत घेतली न्हाय! हिला न्हाय नि मला न्हाय!"

आणि मग, जे मी जन्मभर विचारत आले होते ते आत्याने सांगितलं. कुणी न विचारता. एका पाटीच्या रागाने.

"माझ्या सासूची मशीन ही. खाडीपलीकडं दिलेली मला. नवरा मुंबईला, त्यानं तिथं दुसरी केली. सासू म्हनाली, माझ्या पोराला लाज न्हाय त्याला मी काय करू? पन तू हितं बसून माझ्यासारखी वाळू नको. माहेरी जा. मी म्हनलं, कोनत्या तोंडानं जाऊ? तवा तिनं ही उचलली नि माझ्या डोक्यावर दिली. म्हनाली, रिकाम्या हातानं गेलीस तर टाकलेली आली म्हनतील. ही घेऊन जा, शिवनारी आली म्हनतील."

दादा खाली बसला, पायरीवरच.

"होडीतनं आले, मग रेवदंड्यावरनं चालत. डोक्यावर ही. आबा हितंच बसला होता, खुर्चीत. उठला पन न्हाय. म्हनाला, दिलेली पोरगी आमी परत घेत न्हाय. आज पडवीत ऱ्हा, उद्या पोचवतो. मी मशीन उतरवली ती ह्या कोपऱ्यात. सकाळी आबा चपला घालून उभा, चल. आनि रस्त्यानं मोहल्ल्यातली खाला चाललेली. ईद तोंडावर आली होती. तिनं मशीन बघितली नि हातातलं कापड माझ्यापुढं टाकलं. बेटी, पोराचा कुर्ता दे शिवून. मी लगेच घेतला शिवायला, आबाकडं बघितलंच न्हाय. आबा म्हनाला, ती चालली सासरी. खाला म्हनाली, चाचा, माझं कापड चढलंय मशीनवर, ईदेचं हाय, ते अर्धं टाकून कशी जाईल? आता लोकाचं सनाचं कापड अर्धं टाकून पोरगी धाडली तर गावात नाव जानार आबाचं. बसला मुकाट्यानं."

आत्या हसली. दात थोडेच उरलेत, पण हसली.

"मी तो कुर्ता पुरा केलाच न्हाय. एक टीप ठेवली. मग दुसरी बाई आली कापड घेऊन, तवा ती टीप मारली, नि हिच्या कापडाची एक ठेवली. आबा रोज विचारायचा, झालं काय? मी म्हनायची, एक टीप ऱ्हायली. रोज. मग दोन दिवसांनी विचारायचा, मग कधीमधी. म्हातारा झाला, खुर्चीला चिकटला, तरी नजर हितं, मशीनवर. मरेस्तोवर माझी एक टीप ऱ्हायलीच."

मी दादाकडे पाहिलं. त्याला तो मार आठवला असणार, कारण तो एकदम म्हणाला, "आत्या, ते कापड मी..."

"तू पोर होतास रं. तुझा बाप शहाना. त्याला ठाव होतं. मशीन रिकामी व्हायला आली की अभ्रा फाडून द्यायचा. किती अभ्रे फाडले त्यानं माझ्यापायी!" ती थांबली. "पन आत ये, म्हनला न्हाय. आबा होता तवर भ्यायला. आबा गेल्यावर त्याला वाटलं, हिला पडवीच आवडते. तुमाला पन तेच वाटलं. हिला वारा लागतो, हिला वारा लागतो." तिने कानाच्या रुमालावर हात ठेवला. "मला वारा आवडत न्हाय गो. जन्मभर ह्यो कान दुखतो माझा."

माजघराच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. पडवीतून दिसतो. मला त्या क्षणी त्या फोटोचा असा संताप आला, की उठून हार काढून घ्यावा. आणि बाबांवर माया आणि राग, दोन्ही एकदम. माणसाने एवढे अभ्रे फाडावेत आणि दोन शब्द बोलू नयेत?

दादा म्हणाला, "मी पाटी बदलतो." पुरुषमाणूस, त्याला काहीतरी करायला हवं होतं. पाटी काखोटीला मारून तो नुसताच उभा राहिला.

वहिनी मात्र आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती आली ती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा घेऊन. आमच्याकडे नवी सून येते, बाळंतीण येते, लेक पहिल्या सणाला माहेरी येते, तेव्हा तिला दारात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात आणि मग घरात घेतात. वहिनी उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"आत्या, उठा."

"कशाला?"

"उठा म्हणते ना. इथे या, दारात."

आत्या उठली. उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभी राहिली, त्या उंबऱ्याच्या, जो तिने दिवसातून हजारदा ओलांडला होता. वहिनीने भाकरतुकडा तिच्यावरून ओवाळला, अंगणात टाकला. वाकून पायांवर पाणी घातलं. वहिनी काही नाटकी बाई नव्हे. तांब्या खाली ठेवून ती दारातून बाजूला सरकली. म्हणाली, "आत या."

आत्या हलेना. ओल्या पायांनी तशीच उभी. दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाहीच म्हणणार. एवढ्या वर्षांनी कोण कुणाचं ऐकतं?

"थांब," ती म्हणाली. "माझं कापड हाय मशीनवर."

ती वळली, मशीनपुढे पाटावर बसली. झेंडूची माळ बाजूला केली, झाकण काढलं. झाकणाबाहेर डोकावणारं ते टोक तिने सरळ केलं, तेव्हा मला दिसलं, तो अभ्रा होता. बाबांचा. मधल्या शिवणीला सुईची इतकी भोकं पडलेली, की उजेड आरपार दिसत होता. बाबा गेल्यापासून गावातून काम येईना, तेव्हा ती तोच अभ्रा सकाळी उसवत होती आणि संध्याकाळी शिवत होती, एक टीप ठेवून. मला रडू आवरेना. वहिनी तर केव्हाच रडत होती.

आत्याने चाक फिरवलं. खोबरेल प्यायलेली मशीन खडखड करत चालली आणि थांबली. दोरा तोडायला तिने तोंडाशी नेला, मग म्हणाली, "दात कुठं हायेत आता! कात्री दे गो." मी दिली. कच्चकन दोरा कापला. अभ्रा झटकून तिने वहिनीच्या हातात दिला. "माझ्या उशीला घाल. आत उशी हाय ना?"

"आहे," वहिनी म्हणाली.

मशीन रिकामी होती. सुई वर, खाली काही नाही. दादाच्या त्या खोडीनंतर मी ती तशी पहिल्यांदाच पाहिली.

आत्या वहिनीचा हात धरून आत गेली. मागून दादा मशीन पोटाशी धरून. "सावकाश आन रं," आतून आत्या ओरडली, "तेल सांडंल तिचं! आनि पौषात ऊन दावाया लागंल, ध्यानात ठेव!" दादा "हो, हो" करत उंबऱ्याला पाय अडखळून सावरला. खोलीत त्याने मशीन खिडकीखाली ठेवली, कौतुकाने सगळीकडे पाहिलं आणि सवयीने बटण दाबून पंखा लावला, मोठा.

"आत्या, बघ, वारा!"

"बंद कर रं, मेल्या!"

दादाने जीभ चावली आणि बटणावर झडप घातली. आम्ही तिघंही हसत सुटलो, डोळे पुसत. आत्या पलंगावर बसून पंख्याची पाती थांबेपर्यंत वर बघत राहिली. ती पुरती थांबली, तेव्हा तिने कानाचा रुमाल सोडला आणि माझ्या हातात दिला.